जळजळ शेंगाचटणीची की गोळीची?

‘ताई, मी २७ वर्षांची. सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करते. मुलगी अडीच वर्षांची आहे. तीन महिन्यांपूर्वी माला-डी ही गर्भनिरोधक गोळी सुरू केली. नवऱ्याला ठाऊक आहे, सासूबाईंना नाही. पाकीट दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात ठेवते. सगळे झोपले की अंधारातच गोळी तोंडात टाकायची, घोटभर पाणी प्यायचं आणि आडवं व्हायचं. महिनाभर झाला, रात्री छातीत जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं. मुलगी पोटात होती तेव्हा अस्संच व्हायचं. सासूबाई म्हणतात, शेंगाचटणी बंद कर. दोन आठवडे तोंडात घातली नाही, तरी तेच. हे गोळीचं आहे का? बंद करू का?’

तुझं पत्र वाचताना मी त्या घोटभर पाण्यापाशीच थांबले. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

गोळीमुळे होऊ शकतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते आवळतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. प्रोजेस्टेरॉन नावाचा हार्मोन हे कडं सैल करतो. गरोदरपणी जळजळ होते ती बरीचशी यामुळेच, आणि माला-डीत त्याच जातीचा हार्मोन आहे. तू दोन्ही वेळचा त्रास सारखाच म्हणतेस, हे मला फार मोलाचं वाटतं. डॉक्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांग. प्रत्येकीला असं होत नाही, पण तुला होतंय म्हणजे तू उगाच कुरकुर करत नाहीस.

एक आधी बघ. पाळी वेळेवर आली होती का? एखादी गोळी चुकली होती का? शंका असेल तर लघवीची तपासणी करून घे, कारण दिवस राहिले तरी अशीच जळजळ होते.

आता तो घोट. कमी पाण्यासोबत गोळी घेऊन लगेच आडवं झालं, की ती अन्ननलिकेत अडकून तिथलं अस्तर भाजू शकते. पाकिटातल्या शेवटच्या सात, वेगळ्या रंगाच्या गोळ्या लोहाच्या असतात. लोह पोटाला आणि अन्ननलिकेला जास्तच झोंबतं. म्हणून जळजळ कोणत्या गोळ्यांच्या दिवसांत वाढते ते कॅलेंडरवर खूण करून ठेव. गोळी रात्रीऐवजी सकाळी घे, न्याहारीनंतर, पेलाभर पाण्याने, आणि निदान अर्धा तास आडवी होऊ नकोस. वेळ बदलताना ती पुढे ढकलू नकोस, उलट आधी घे. म्हणजे आज रात्रीची उद्या सकाळी नाही, तर आजची आज रात्री आणि उद्याची उद्या सकाळी. रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी उरकता आलं तर बघ. कारखान्यातून आल्यावर ते सोपं नसतं, मला कल्पना आहे.

आणि मिश्री लावतेस का? पत्रात लिहिलं नाहीस, पण आपल्याकडे कित्येक घरांत बायकांची सकाळ मिश्रीनेच होते. तंबाखूनेही ते कडं सैल पडतं. लावत असशील तर चटणीच्या आधी ती सोड. चटणी तिखट-तेलकट असते, काहींना सोसत नाही, पण दोन आठवडे सोडून फरक पडला नाही तर तिच्यावर खापर फोडू नये.

मधेच पाकीट बंद करू नकोस. दिवस राहायची भीती तेव्हाच जास्त असते. आम्लपित्ताचं औषध डॉक्टरांना विचारून घे. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर त्याच दिवशी दुसरी घे.

इतकं करूनही थांबलं नाही तर साधन बदलता येतं. सरकारी दवाखान्यात छाया नावाची गर्भनिरोधक गोळी मोफत मिळते. त्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच घ्यायची. तांबीतही हार्मोन नसतो, आणि ३८० ए प्रकारची १० वर्षं चालते. रोज लपवायचं काही उरत नाही, हेही तुझ्यासाठी कमी नाही. अंतरा इंजेक्शनचा मात्र नीट विचार कर. त्यात प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं औषध असतं आणि एकदा टोचलं की तीन महिने परत काढता येत नाही.

काही दुखणी पित्ताची समजून घरी काढू नयेत. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटणं, धाप लागणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, कधी नव्हे अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काहीही झालं तर रात्र असो, सिव्हिलला जा, आणि गोळी घेते हे आधी सांग. घास अडकायला लागला, रक्ताची उलटी झाली तरी तसंच.

सासूबाईंना सांगायचं की नाही हे तू ठरव. पण नवऱ्याला ठाऊक आहे ना, मग सकाळी गोळीसोबत पेलाभर पाणी द्यायची जबाबदारी त्याने घ्यावी. दवाखान्यात त्यालाच सोबत घेऊन जा, आणि रिळांच्या डब्यातलं पाकीट न विसरता पर्समध्ये टाक. डॉक्टर पहिलं तेच मागतील.