आरंभशूर

"मॅडम, मी काहीही सुरू करतो आणि मधेच सोडतो, माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. कधी जिमबद्दल, कधी डाएटबद्दल, कधी स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासाबद्दल. मागच्या वर्षी तो फोटोंबद्दल आला आणि त्या केसमध्ये मी स्वतःही थोडी आपटले, म्हणून तीच सांगते. त्या गृहस्थांना विचारूनच लिहितेय, ओळखू येईल असे दोन-चार तपशील बदललेत, पण धंद्याचा भाग त्यांच्या परवानगीने तसाच ठेवलाय कारण त्याशिवाय गोष्टच उभी राहत नाही.

तर मालवणचे एक दुकानदार. वय चव्वेचाळीस, स्टेशनरी, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोंचं दुकान. जुलैच्या पहिल्या आठवड्यात भर पावसात कुडाळला माझ्याकडे आले, बायकोने पाठवलं म्हणून. तक्रार काय, तर झोप लागत नाही, चिडचिड होते. पहिला अर्धा तास पावसावर आणि रस्त्यातल्या खड्ड्यांवर गेला. मग एकदम म्हणाले, "एक सांगू का, हसू नका. माझा फोटोंचा चॅलेंज मोडला."

बावन्न आठवड्यांचा फोटो चॅलेंज तुमच्यापैकी काहींनी केला असेल. दर आठवड्याला एक विषय आणि त्यावर एकच फोटो, वर्षाच्या शेवटी बावन्न. यांनी सेकंडहँड डीएसएलआर कॅमेरा घेतला होता, सोबत मिळते ती साधी १८-५५ची लेन्स, आणि एक जानेवारीला सुरुवात केली. विषयांची यादी नेटवरून उतरवलेली, म्हणजे अर्थात परदेशातली. सहाव्या आठवड्याचा विषय होता बर्फ! मालवणात फेब्रुवारीत बर्फ कुठून आणणार, तर हे पहाटे बंदरावर गेले आणि होड्यांसाठी बर्फाच्या लाद्या फोडतात त्याचा फोटो काढून आले. उडणारा चुरा, मागे पिवळा बल्ब, फोडणाऱ्या माणसाचे नुसते हात. तो फोटो मी नंतर पाहिला, खरंच भारी आहे. मला फोटोतलं फार कळत नाही, पण ज्या माणसाला बर्फ म्हटल्यावर बंदर सुचतं त्याला इच्छाशक्ती नाही हे मी मानायला तयार नव्हते.

बावीस आठवडे नीट झाले. रापणीचं जाळं ओढणारी माणसं, चिवल्याच्या किनाऱ्यावरची संध्याकाळ, किल्ल्याला जाणारी होडी. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर रविवारी टाकायचे, नऊ-दहा अंगठे यायचे. आणि जून लागला. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, किल्ल्याची वाहतूक बंद, आकाश राखाडी, कॅमेरा बाहेर काढला की पाच मिनिटांत लेन्सवर वाफ. एक आठवडा चुकला, मग दुसरा. चौथ्या आठवड्यानंतर ग्रुपवर एकाने विचारलं, "काय रे, गाडी बंद पडली काय?" त्या रविवारी हे छत्री घेऊन बाहेर पडले आणि राहिलेल्या चारही आठवड्यांचे चार फोटो दोन तासांत काढून आले. घरी येऊन बघितले, म्हणाले हे म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री वही पूर्ण केल्यासारखं, आणि चारही डिलीट केले. त्या दिवसापासून कॅमेरा कपाटात.

बायको थट्टेने आरंभशूर म्हणाली तर तीन दिवस बोलले नाहीत तिच्याशी. त्यात मागचं एक वाक्य होतं, वडिलांचं, यांनी दहावीनंतर तबल्याचा क्लास सोडला तेव्हाचं: "ह्याच्या हातसून काय एक पुरा होवचा नाय." वडील जाऊन अकरा वर्षं झाली. वाक्य मात्र अजून दुकानात गल्ल्याशेजारी बसलेलं.

आता माझी चूक. मी पहिल्याच भेटीत टाइमटेबल बनवून दिलं. रविवारी सकाळी सहाचा अलार्म, राहिलेल्या आठवड्यांचं कॅचअप दर बुधवारी, बायकोने आठवण करायची, सगळं कागदावर सुबक. अहो, जुलैत रविवारी सहाला मालवणात उजेड काय असतो? आणि ज्याला आधीच परीक्षा दिल्यासारखं वाटतंय त्याच्या हातात मी आणखी एक हॉल तिकीट ठेवलं. पुढच्या दोन अपॉइंटमेंट त्यांनी बुडवल्या. बरोबरच केलं म्हणायचं.

तिसऱ्या वेळी मीच फोन करून बोलावलं आणि सरळ सॉरी म्हटलं.

मधल्या काळात मी एक गोष्ट मात्र तपासली होती आणि ती कुणीही तपासावी. सोडून देणं फक्त एका छंदापुरतं आहे की सगळ्यातूनच मन उडालंय? दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच गोडी वाटत नाही, भूक-झोप बिघडलीय, जगण्यात अर्थ नाही असं वाटतंय, तर तो धरसोडीचा प्रश्न नाही, ते नैराश्य असू शकतं आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं (सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट). तसंच लहानपणापासून प्रत्येक ठिकाणी, शाळेत, घरी, कामावर, लक्ष टिकतच नाही अशी तक्रार असेल तर त्याचीही वेगळी तपासणी असते. यांचं तसं नव्हतं. दुकान वर्षानुवर्षं चालू, उधारीची वही पैशापैशाला चोख, जत्रेला दशावतार बघायला रात्रभर जागणारा माणूस. झोप गेली ती जूनमध्ये.

तर मी विचारलं, दुकानात फोटो प्रिंट करता ना, मग बावीस फोटो छापा आणि एका दोनशे पानी वहीत डाव्या पानावर एकेक चिकटवा, आणि जे आठवडे चुकले त्यांची पानं कोरी सोडा. ते नाहीच म्हणाले. "कोरी पानं? वही बघवायची नाही मॅडम." मी म्हटलं अगदी कोरी नको, तारीख टाका आणि त्या आठवड्यात काय चाललं होतं ते एका ओळीत लिहा. कारणं द्यायची नाहीत, माफी मागायची नाही, फक्त काय चाललं होतं.

पुढच्या वेळी आले ते वही घेऊनच. तेविसावा आठवडा: 'वह्यांचा माल उतरवला, रात्री अकरा.' चोविसावा: 'शाळा उघडल्या. सकाळी सात ते रात्री दहा दुकान.' पंचविसावा: 'दाखल्यांच्या झेरॉक्स, मशीन दोनदा अडकलं.' सव्विसावा: 'रेनकोट संपले, पुन्हा मागवले.' वाचता वाचता मीच थांबले. म्हटलं, अहो, तुमचा तर सीझन होता हा! स्टेशनरीवाल्याचा जून म्हणजे आंबेवाल्याचा मे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना त्यांच्याच दुकानाचा पत्ता सांगितला.

मग आम्ही जुनी यादी काढली, आयुष्यात अर्धवट सोडलेल्या गोष्टींची, आणि प्रत्येकीपुढे महिना लिहिला. तबला दहावीनंतरचा, तो वडिलांनी दुकानात बसवलं तेव्हाचा, जून. इंग्लिश स्पीकिंगचा क्लास, जून. सकाळचं चालणं, जून. बासरी ऑक्टोबरात सुटली होती, ती खरंच आवडली नव्हती म्हणून, आणि ते त्यांनी हसत कबूल केलं. पाचवीचा महिना काही आठवेना. पाचातल्या तीन जूनमध्ये, म्हणजे हा माणूस आरंभशूर नाही, हा माणूस जूनमध्ये दुकान चालवतो. पंचवीस-तीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्या तर नाहीच, कारण दर वेळी ते वडिलांचं वाक्य आधी हजर व्हायचं आणि मग कॅलेंडर बघायची गरजच उरायची नाही.

चुकलेल्या आठवड्याचं काय होतं तेही सांगते कारण तो भाग सगळ्यांनाच लागू आहे. एकादशीला चुकून चहाबरोबर बिस्किट तोंडात गेलं की लोक काय म्हणतात, मोडलाच उपास, आणि मग दुपारी सरळ कोंबडीवडे. (मालवणात तरी असंच.) हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी डाएट करणाऱ्यांवर हेच अभ्यासलं. डाएटवाल्यांना आधी मिल्कशेक पाजला तर नंतर ते आइस्क्रीम कमी नाही, उलट जास्त खायचे, कारण आजचा दिवस तसाही बुडाला. नुकसान एका बिस्किटाचं नसतं, 'बुडालं'च्या त्या निकालाचं असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर सवयींचा अभ्यास केला होता, २०१०चा पेपर आहे. त्यात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही. त्यातलाच दुसरा आकडा लोक फार मिरवतात, ६६ दिवसांत सवय लागते म्हणे. ती मधली संख्या आहे, खरा पल्ला १८ ते २५४ दिवसांचा निघाला होता, आणि तोही रोज करायच्या छोट्या गोष्टींसाठी, म्हणजे जेवताना फळ खाणं, पाणी पिणं वगैरे.

आता गंमत बघा, आठवड्याला एक फोटो म्हणजे वर्षभरात अख्ख्या बावन्न वेळा. रोजच्या छोट्या गोष्टीलाही जिथे बऱ्याच जणांना सहासष्टहून जास्त वेळा लागतात तिथे आठवड्याच्या गोष्टीची सवय वर्षात लागेल ही आशा धरण्यात फारसा अर्थ नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे वर्षभरात आपोआप होईल असं धरू नका, दर आठवड्याला नव्याने आठवावंच लागेल, तेव्हा अजून अंगवळणी पडलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. त्यापेक्षा आधीच ठरलेल्या कशाला तरी ते बांधा. त्यांनी आठवडा बाजाराचा दिवस निवडला, कारण त्या दिवशी दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. अलार्म नको, बायकोची आठवण नको.

परदेशी यादी फाडली. नवीन यादी काउंटरवर बसून केली आणि नियम एकच, पावसाळ्यात दुकानाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, फोटो फोनवर काढला तरी चालेल. कॅमेऱ्याचं म्हणाल तर तो कपाटात नुसता ठेवला होता आणि लेन्सच्या कडेला बुरशीची जाळी धरू लागली होती, आपल्या हवेत हे होतंच. साफ करून घेतली आणि आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहते. तांदळात ठेवू नका कुणी, भुसा शिरतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून, म्हणजे एकतिसाव्यापासून, पुन्हा सुरू. पहिला फोटो काउंटरच्या काचेवर ठेवलेले चिल्लर मोजणारे एका पोराचे ओले हात, चेहरा नाही, त्याच्या आईला विचारून. नारळी पौर्णिमेला उघडीप होती म्हणून स्वारी बंदरावर गेली, नियम मोडून. मी रागावले नाही. डिसेंबरात जत्रेतला एक आहे, देवळामागे एका बल्बखाली दशावतारी कलाकार तोंडाला रंग लावतोय, अर्धा चेहरा झालेला, अर्धा राहिलेला. ग्रुपवर टाकणं त्यांनी बंद केलं, ते मी सुचवलं नव्हतं.

जानेवारीत वही दाखवायला आले. अडतीस फोटो, चौदा कोरी पानं. आठ जून-जुलैची, बाकीची सहा नंतरची. त्यातली दोन गणपतीच्या आधीची, सजावटीच्या कागदाची गर्दी. दोन आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची. एकावर लिहिलंय, 'मुंबईला भाचीचं लग्न, कॅमेरा नेला, बॅगेतून काढलाच नाही.' आणि एकावर फक्त, 'काही नाही. कंटाळा आला.' या पानावर मी बराच वेळ थांबले. जुलैत जो माणूस माझ्यासमोर बसला होता त्याच्या हातून हे वाक्य लिहून झालं नसतं.

बायको म्हणे फोटोंपेक्षा कोरी पानंच जास्त वाचते. झोप येते का विचारलं तर म्हणाले येते, जून सोडून.

निघताना मी विचारलं, यंदा पुन्हा बावन्न? वही पिशवीत घालता घालता म्हणाले, "आता नको मॅडम, वह्यांचा माल उतरला की विचारा."