मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा सफाईला येतोयस ना, मग हे वाच

आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघ, ओहोटी असेल तेव्हाच ये, नाहीतर निम्मा किनारा पाण्याखाली असतो. चपला नकोत, गमबूट घाल, आणि हातमोजे जाड रबराचे आण कारण वाळूत काचा असतात, कधी इंजेक्शनच्या सुयापण सापडतात, त्या हाताने उचलायच्या नाहीत, ओळखीच्या कोणालातरी हाक मार.

सगळ्यात जास्त दम काढतात त्या वाळूत गाडलेल्या पिशव्या आणि कपडे. वरून खेचू नकोस, पिशवी फाटते आणि अर्धी आतच राहते, आधी फावड्याने बाजूची वाळू मोकळी कर, मग पिशवी उचलून तिथेच झटक, नाहीतर कचऱ्याबरोबर किनाऱ्याची वाळूपण ट्रकमधून जाते. दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे दिसले तर तेही वेच, बारीक आहेत म्हणून सगळे सोडतात आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

ढीग भरतीच्या रेषेच्या वरच लाव, आणि महापालिकेची गाडी कधी येणार ते आधीच विचारून ठेव.

पुढच्या रविवारी परत तेवढाच कचरा दिसेल, खचू नकोस रे. वकील अफरोझ शाह यांनी २०१५ मध्ये या सफाईला सुरुवात केली, आणि २०१८ मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात गेली. येताना पाण्याची बाटली घरूनच भरून आण, स्टीलची.