कॅसल ड्रोगो हे इंग्लंडमधलं किल्ल्यासारखं घर अख्खं ग्रॅनाइटचं आहे, मग ते इतकी वर्षं गळत कसं राहिलं?

दोष ग्रॅनाइटचा नाही. चांगल्या ग्रॅनाइटमधून पाणी जवळजवळ झिरपतच नाही. ते आत येतं दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, आणि छपरातून. ड्रोगोमध्ये नेमक्या याच दोन जागा कमकुवत होत्या.

हे घर डेव्हन परगण्यातल्या डार्टमूर माळावर आहे, टीन नदीच्या खोल दरीच्या अगदी कडेला. तिथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि भिंतीवर आपटतो. किराणा दुकानांच्या साखळीतून श्रीमंत झालेल्या ज्यूलियस ड्रू यांना पूर्वजांना शोभेलसा किल्ला हवा होता. तो रचला एडविन लुटियन्स यांनी, म्हणजे नवी दिल्ली आखणाऱ्यांनीच. पायाभरणी १९११ साली झाली आणि काम संपायला १९३० उजाडलं. मूळ आराखडा फार मोठा होता, त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा उभा राहिला.

घर किल्ल्यासारखं दिसावं म्हणून छप्पर सपाट ठेवलं आणि त्यावर अस्फाल्टचा थर दिला. ऊन-थंडीने तो थर ताणला-आकसला, त्याला चिरा पडल्या आणि पाणी खाली उतरलं. कोकणात असं छप्पर कोणी सुचवलं असतं, तर गवंड्यानेच त्याला थांबवलं असतं!

खिडक्या नीट बघा. आपल्याकडे खिडकीखाली थोडा पुढे आलेला दगड असतो आणि त्याच्या पोटाला बारीक खाच असते. भिंतीवरून ओघळणारं पाणी तिथे तुटून बाहेर पडतं. ड्रोगोत असा दगडच नाही, कारण सलग, उभ्या कड्यासारखी भिंत हवी होती. त्यात दरजा सिमेंटने भरलेल्या. सिमेंट कडक, ते दगडाबरोबर हलत नाही. केसाएवढी फट पडली की पाणी आत जातं, आणि चुन्यातून जसं सुकून बाहेर पडतं तसं सिमेंटमधून पडत नाही.

तरीही मला हे घर फार आवडतं. स्वयंपाकघरात उजेड वरच्या गोल झरोक्यातून येतो आणि बरोबर त्याच्या खाली लुटियन्सनी गोल टेबल ठेवलंय. जिन्यावरच्या प्रचंड खिडक्यांमधून आलेल्या उन्हात ग्रॅनाइटचे अभ्रकाचे कण चमकतात, तेव्हा एवढा जड दगड हलका वाटायला लागतो.

१९७४ साली घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, गेलं. २०१३ पासूनच्या मोठ्या दुरुस्तीत छपरावरचे दगड उचलून खाली नवा जलरोधक थर घातला, दगड पुन्हा जागेवर बसवले आणि दरजांमधलं सिमेंट खरवडून तिथे चुना भरला.