अमेरिकेतल्या स्वीडिश लोकांनी आपली संस्कृती इतकी वर्षं कशी टिकवली? आपल्या मराठी लोकांना ते जमेल का?

टिकवली नाही. निदान तुम्हाला वाटतंय तशी नाही. प्रश्नासोबत तुम्ही शिकागोच्या अँडरसनव्हिल या जुन्या स्वीडिश वस्तीतल्या, स्वीडिश झेंड्याच्या रंगातल्या पाण्याच्या टाकीचा फोटो लावलाय, म्हणून लिहायला बसले. त्या टाकीच्या सावलीत मी चार वर्षं काढली आहेत.

१९९७ साली क्लार्क स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्याने राहायचो. घरमालकीणबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांची आजी १८८८ मध्ये दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलंड प्रांतातून आलेली. स्थलांतराच्या त्या लाटेत स्वीडनमधून बारा-तेरा लाख माणसं अमेरिकेला गेली. दगडाळ जमीन, वाटण्या होऊन तुकडे पडलेली शेतं, १८६७-६८ चा दुष्काळ, हे तुम्ही वाचलं असेलच.

बाई सगळं साग्रसंगीत करायच्या. १३ डिसेंबरला लुसिया हा दिव्यांचा सण, तेव्हा नातीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट. जूनमध्ये मिडसमर या उन्हाळ्याच्या सणाचा फुलांनी सजवलेला खांब. नाताळाआधी चर्चच्या तळघरात लुटफिस्कचं जेवण, म्हणजे सुकवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून, पुन्हा पुन्हा धुऊन शिजवलेला. मला तो वास सोसत नसे, तरी वाढायला मी दरवर्षी जायचे. जेवणाआधी बाई स्वीडिशमध्ये प्रार्थना म्हणत, एका दमात. एकदा अर्थ विचारला तर म्हणाल्या, "अर्थ नाही गं माहीत. आई म्हणायची."

एका थंडीत तळघरात पाण्याचा पाइप फुटला. सामान वर काढताना एक लाकडी पेटी निघाली, आत चाळीसेक पत्रं. पणजीने स्मोलंडहून आजीला लिहिलेली. भिजलेली पत्रं आम्ही दोघींनी जेवणाच्या टेबलावर पसरून वाळवली. बाई प्रत्येक कागदावर आपल्या आईचं नाव शोधत होत्या, कारण तेवढंच त्यांना ओळखू येत होतं. शेवटी ओळखीच्या एका म्हाताऱ्या, निवृत्त पाद्रींना बोलावलं. ते जुनं वळणदार अक्षर त्यांनाही चटकन लागेना, तीन रविवार गेले. राय धान्याचा भाव, विकलेली गाय, गावात कोण वारलं. आणि एका पत्रात, 'धाकटीला स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहायला सांग.' पुढच्या पत्रात पुन्हा तेच. आणखी दोन पत्रांत तेच. मग तो विषयच नाही.

ती धाकटी म्हणजे बाईंची आई. तिला स्वीडिश बोलता यायचं, पण आपल्या मुलांशी ती स्वीडिशमध्ये कधी बोलली नाही. पहिल्या महायुद्धात परकी भाषा म्हणजे संशय. १९१८ मध्ये शेजारच्या आयोवाच्या गव्हर्नरने सार्वजनिक जागी, चर्चमध्ये, टेलिफोनवरसुद्धा फक्त इंग्रजी बोला असा फतवा काढला. रोख जर्मनांवर होता, झळ सगळ्यांना बसली. मग १९२४ च्या स्थलांतराच्या कायद्याने नव्या माणसांचा ओघ आटला, चर्चमधली प्रवचनंही इंग्रजीत होऊ लागली. मासा उरला, मुकुट उरला, भाषा गेली.

माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. त्याच दिवाळीत न्यू जर्सीचे माझे मोठे दीर आले होते. "वहिनी, घरात इंग्रजीच बोला, पोरगी शाळेत मागे पडेल. गणपती बसवतो, पुरणपोळी करतो, आणखी काय हवं?" मी त्यांना पेटीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, त्या बाईंचं काही अडलं का? त्यावरून जे वाजलं ते वाजलंच. मी आजही सांगते, अडलं. टेबलापाशी मी होते, भाऊजी नव्हते.

माझी मुलगी मराठी वाचते. अडखळत, जोडाक्षरांवर थांबत, पण वाचते. शाळेत कुठेही मागे पडली नाही. पुतणे आरती रोमन अक्षरांतल्या कागदावरून म्हणतात.

आता हेही खरं की आपल्यावर कोणी फतवा काढलेला नाही, विमानं आहेत, रोज फोन आहे. त्यांची वेळ वेगळी होती, त्या आईला मी दोष देत नाही. आणि स्वीडिश लोकांनी सगळंच घालवलं असंही नाही. १९७६ मध्ये अँडरसनव्हिलमध्ये त्यांनी संग्रहालय उभं केलं, तिथे भाषेचे वर्गही चालतात. कॅन्ससच्या लिंड्सबोर्ग गावात १९४१ पासून एक वर्षाआड मोठा उत्सव होतो, पोरं पारंपरिक पोशाखात नाचतात. बघायला जरूर जा.

पण तुम्हाला मुलं असतील तर त्यांच्याशी मराठीतच बोला, आणि आजी-आजोबांना सांगा, व्हिडिओ कॉलसोबत महिन्याला एक पत्र हाताने लिहा. ते मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्या. सासऱ्यांनी साताऱ्याहून नातवांना लिहिलेली अकरा पत्रं भाऊजींच्या कपाटात आहेत. मी दोनदा मागितली. माझी मुलगी फोनवर वाचून दाखवायला तयार आहे.