2019 च्या एलएसयू फुटबॉल टीमला 10 पैकी किती गुण द्याल?

तुमचा प्रश्न असा की लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या (एलएसयू) 2019 च्या अमेरिकन फुटबॉल टीमला 10 पैकी किती गुण द्याल, आणि क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, जो बरो बाजूला ठेवला तर बाकीचे खेळाडू खरंच त्या तोडीचे होते का. मी 2018 मध्ये एम.एस.साठी युनिव्हर्सिटीच्या गावी, बॅटन रूजला गेले आणि हा सीझन तिथेच राहून पाहिला. सीझनला माझे साडेनऊ. अर्धा गुण का कापला ते पुढे येईलच.

बरोला 10, यात वादच नाही. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी सोडून आल्यावर पहिल्या वर्षी त्याचे टचडाउन पास (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून सहा गुण देणारे) होते 16 आणि जेमतेम 58 टक्के पास पोचले होते. पुढच्याच वर्षी 60 टचडाउन, 5,671 यार्ड आणि 76.3 टक्के! मधल्या काळात टीमने खेळायची रीतच बदलली. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक टीममधून जो ब्रेडी हा कोच आला आणि आधीचे कोच एन्समिंगर सरांच्या जोडीनं त्यानं रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, मैदानभर पसरवून झटपट पास द्यायचा खेळ बसवला. तोपर्यंत एलएसयू म्हणजे बॉल घेऊन पळणं आणि डिफेन्स (समोरच्यांना रोखणं), एवढीच ओळख होती.

पण पास पकडायलाही कुणीतरी लागतं. जमार चेसचे 1,780 यार्ड आणि 20 टचडाउन, जस्टिन जेफरसनचे 111 झेल आणि 18 टचडाउन. दोघांनाही 10. सप्टेंबरमध्ये ऑस्टिनला टेक्ससविरुद्ध काय झालं बघा. चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं असतं. इथे तिसरा प्रयत्न होता, 17 यार्ड हवे होते, तीनेक मिनिटं उरलेली आणि आघाडी फक्त सहा गुणांची. कुणीही सावध खेळला असता. बरो अंगावर आलेल्या गर्दीतून पुढे सरकला, त्यानं जेफरसनला पास दिला आणि जेफरसन 61 यार्ड पळत सुटला. टचडाउन. सामना 45-38 असा जिंकला. ही टीम वेगळी आहे हे मला त्या रात्री पटलं.

बॉल घेऊन पळणारा क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर बॅटन रूजचाच मुलगा, उंचीनं बेताचा, पण एका माणसानं धरून थांबणाऱ्यातला नव्हे. त्याला साडेनऊ. अलाबामाला त्यांच्याच घरी 46-41 हरवलं त्या दिवशी त्यानं एकट्यानं चार टचडाउन केले. ओळीनं आठ सामने अलाबामाकडून हरल्यानंतरचा हा विजय होता. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत कुणी घरात बसलंच नाही.

आता माझ्या सगळ्यात जवळचा भाग. ऑफेन्सिव्ह लाइनला मी 10 देते, आणि वेळ आली तर बरोच्याही आधी देईन. हे पाच जण बरोच्या पुढे उभे राहून, बांधानं पूर अडवावा तसे समोरच्यांना अडवतात. त्यांच्या नावावर ना यार्ड, ना टचडाउन. बरोला पास देण्याआधी जो श्वासभर वेळ मिळायचा तो यांनी कमावलेला होता. देशातल्या सर्वोत्तम लाइनला मिळणारा ‘जो मूर’ पुरस्कार त्यांनाच मिळाला. सेंटर, म्हणजे लाइनच्या मधोमध उभा राहणाऱ्या लॉइड कुशनबेरीला त्या वर्षी 18 नंबरचा मान मिळाला. एलएसयूमध्ये हा नंबर निःस्वार्थी खेळाडूला देतात. लाइनमनला नियमानं तो पाठीवर घालता येत नाही, म्हणून त्यानं 18 चा छोटा बिल्ला जर्सीवर लावला. स्टेडियममध्ये मी त्याच्याकडेच बघत बसायचे.

डिफेन्सला साडेसात. टेक्सस 38, व्हँडरबिल्ट 38, अलाबामा 41. आणि मग मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला ओल मिसनं (तिथल्या युनिव्हर्सिटीच्या टीमनं) 37 गुण आणि सहाशेच्या वर यार्ड वसूल केले. त्यांचा क्वार्टरबॅक एकटा 212 यार्ड पळाला. आपण 58 केले म्हणून निभावलं. माझा अर्धा गुण तिथे गेला, आणि तो मी परत देणार नाही.

तरीही याच मुलांनी ऑबर्नला 20 वर रोखलं होतं, आणि तेव्हा आपले फक्त 23 होते, म्हणजे ती रात्र डिफेन्सनंच तारली. टायगर स्टेडियममध्ये लाखभर लोकांत मी उभी होते, दुसऱ्या दिवशी घसा पूर्ण बसला होता. ओल मिसनंतर तर त्यांनी कमाल केली. आदल्या वर्षी सात ओव्हरटाइम खेळून 74-72 नं हरवणाऱ्या टेक्सस ए अँड एमला फक्त 7 गुण, जॉर्जियाला 10. पहिल्याच वर्षाला असलेल्या डेरेक स्टिंगलीनं सीझनमध्ये सहा पास हिसकावले. ग्रँट डेल्पिट दुखऱ्या घोट्यानिशी खेळला. त्याला 8, स्टिंगलीला 9.

पॅट्रिक क्वीनला सीझनच्या सुरुवातीला फारसं कुणी ओळखत नव्हतं. 13 जानेवारी 2020 ला न्यू ऑर्लिन्सच्या फायनलमध्ये क्लेम्सनविरुद्ध आपण 17-7 मागे पडलो, तिथून 42-25 जिंकलो, आणि डिफेन्समधला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हाच क्वीन. पंधरापैकी पंधरा सामने जिंकले. बरो सोडून बाकीचे कसे होते म्हणता? एप्रिलमध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, या टीमचे 14 जण निवडले गेले, त्यातले पाच पहिल्याच फेरीत. बरो त्या पाचांतला फक्त एक.