महागड्या स्टिरिओ स्पीकरसोबत सबवूफर त्याच कंपनीचा घ्यावा लागतो का?

नाही, कंपनी वेगळी असली तरी काही बिघडत नाही. क्रॉसओव्हर (ज्या फ्रिक्वेन्सीखालचा आवाज सबवूफर सांभाळतो ती सीमा), फेज (दोघांच्या ध्वनिलहरी एकाच तालात वर-खाली होणं) आणि खोलीतली जागा जमली पाहिजे. स्पीकरचा खास पोत मध्यम आणि वरच्या पट्टीत असतो, आणि सबवूफर तिथवर जातच नाही. शिवाय ८० हर्ट्झची ध्वनिलहर सव्वाचार मीटरहून लांब असते, त्यामुळे तो आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही. निव्वळ संगीतासाठी मी सीलबंद खोक्याचाच सबवूफर सुचवेन, त्याचा ठोका वेळेवर थांबतो.

मोठ्या उभ्या स्पीकरना क्रॉसओव्हर ४०-५० हर्ट्झपासून, छोट्यांना ७०-८० पासून लावून बघा. मग त्याच फ्रिक्वेन्सीचा एकसुरी टोन स्पीकर आणि सबवूफर दोन्हींवर वाजवा, आपल्या नेहमीच्या जागी बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी फेजचं बटण ० वरून १८० वर फिरवायला सांगा. बटण जिथे असताना आवाज जास्त भरीव लागेल, तिथेच ते ठेवा. पातळी शेवटी ठरवा, आणि मनापासून सांगतो, कमीच ठेवा: सबवूफर बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवली पाहिजे.

मात्र सबवूफर अँप्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरून जोडणार असाल, तर अँप्लिफायर ब्रिज्ड (एका स्पीकरसाठी दोन चॅनल एकत्र जोडलेला) किंवा क्लास डी (स्विचिंग पद्धतीचा) आहे का हे आधी पाहा. अशा अँप्लिफायरला सबवूफरच्या केबलमधली काळी (ग्राउंडची) तार निगेटिव्ह टर्मिनलला जोडली तर नुकसान होऊ शकतं; अँप्लिफायर आणि सबवूफर दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये दिलेली जोडणीच करा.