घोड्याचा पाय आणि थर्मल कॅमेरा : काही प्रश्नोत्तरे

मोबाइलला जोडायचा स्वस्त थर्मल कॅमेरा (उष्णता रंगांत दाखवणारा) घोड्याचे पाय तपासायला चालेल का? (निपाणी)

एकाच घोड्याचा डावा पाय उजव्याशी ताडून पाहण्यापुरता चालेल.

एकाच पायाचे फोटो सकाळ-संध्याकाळ वेगवेगळे येतात. (खानापूर)

येणारच. कॅमेरा केवळ कातडीची उष्णता मोजतो. ऊन, वारा, चिखल, ओले केस, चोळलेले मलम किंवा नुकतीच सोडलेली पट्टी, यांपैकी काहीही चित्र बिघडवते. घोड्याला कोरडे करून अर्धा तास आडोशाला उभा करा आणि धावल्यानंतर निदान दोन तास फोटो काढू नका.

घोडा लंगडत नाही, पण पुढच्या डाव्या पायाच्या मागच्या शिरेवर गरम पट्टा दिसतो. शर्यत आठ दिवसांवर आहे. इंजेक्शन देऊन गाडीला जुंपावा, असे जाणकार सांगतात. (अथणी)

त्या जाणकारांनी आजवर किती घोडे कायमचे बसवले, हे आधी विचारा. घोड्याचे सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असते आणि मागच्या शिरेला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरेला, रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो. तिचे तंतू तुटू लागले की लंगडणे दिसण्याच्या कित्येक दिवस आधी, कधी दोन आठवडेही आधी, तिथे ऊब येते. थर्मल कॅमेऱ्याचा खरा उपयोग तेवढाच. दोन्ही पायांच्या त्याच जागी एक अंशाहून अधिक फरक वारंवार दिसला, तर तो संशय मानावा, निदान नव्हे. निदान हाताने चाचपून आणि सोनोग्राफी करूनच होते. वेदनाशामक इंजेक्शनाने तंतू जुळत नाहीत, दुखणे तेवढे थांबते, आणि घोडा त्याच फाटक्या शिरेवर पूर्ण भार टाकतो. आज थांबलात तर कदाचित काही आठवड्यांची विश्रांती पुरेल. शीर तुटली तर 9 ते 12 महिने जातात, आणि भरून आलेली जागा पूर्वीइतकी लवचिक राहत नाही. घोडा आजच सोडवा आणि पशुवैद्यांना दाखवा.

व्यापाऱ्याने दाखवलेल्या चित्रात चारही पाय निळे, म्हणजे थंड आहेत. घोडा घ्यावा का? (चिकोडी)

त्या चित्रावर विसंबून नाही. रंगांची पट्टी हवी तशी सरकवता येते, आणि एक बादली गार पाणीही पाय निळे करते. शिवाय एखादा भाग जास्तच थंड असणे, हेही रक्तपुरवठा किंवा मज्जातंतू बिघडल्याचे लक्षण असू शकते. सौद्याआधी आपल्या पशुवैद्यांसमोर घोडा कडक जमिनीवर दुडक्या चालीने चालवून पाहा.

नाल ठोकल्यापासून तीन दिवस एक खूर गरम लागतो. कॅमेरा मागवला आहे, तोवर थांबावे का? (रायबाग)

थांबू नका. खिळा आतल्या जिवंत भागाला लागला असण्याची शक्यता आहे. नालबंद आणि पशुवैद्य या दोघांनाही आजच बोलवा, आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली होती तेही सांगा.